झोळीतली वीट किती किलोची?

"काका, नवनाथांच्या पोथीतली मच्छिंद्र-गोरखाची गोष्ट घेऊन मी सिनेमा करतोय. निर्माते ‘द ग्रीन नाइट’ दाखवतात आणि म्हणतात असलं काहीतरी कर, पण भव्य. आजी म्हणते पोथीतला शब्द हलवायचा नाही. हातात पैसे बेताचे. पोथीला किती धरून राहू आणि पैसे कशावर घालू?"

कळंब्याच्या एका पोरीचा हा प्रश्न. (‘करतोय’ ही चूक नव्हे. आमच्या कोल्हापूरच्या पोरी ‘मी जातो, मी येतो’ असंच बोलतात. हे पुढं कामाला येणार आहे.) मी तीसेक वर्षं कलादिग्दर्शन करतो, म्हणजे प्लाय, पीओपी, बारदान आणि रंग यांतून खोट्याचं खरं करतो. तेव्हा उत्तर येईल ते सुताराच्या बाजूनं येईल, ते तसंच घे.

तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच वस्तूत आहे, झोळीतल्या सोन्याच्या विटेत. ज्यांनी पोथी वाचली नाही त्यांच्यासाठी गोष्ट आधी थोडक्यात सांगतो.

‘नवनाथ भक्तिसार’ हा मालू कवीचा ४० अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ, शके १७४१ चा, म्हणजे १८१९ चा. पण त्यातले नाथ फार जुने. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी संपवताना आपली गुरुपरंपरा सांगितली, तिच्यात मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी असे ओळीनं येतात. पोथीतली गोष्ट अशी की मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात जातात. मारुतीच्या भुभुःकारामुळं, म्हणजे गर्जनेमुळं, तिथं पुरुष जगतच नाही. राणी मैनाकिनीच्या सहवासात नाथ रमतात, त्यांना मीननाथ नावाचा मुलगा होतो. इकडं शिष्य गोरखनाथ गुरूला सोडवायला निघतो. कलिंगा नावाच्या नायकिणीच्या ताफ्यात बाईचा वेष घेऊन दरबारात शिरतो, मृदंगावर थाप मारतो आणि मृदंगातून शब्द निघतात, ‘चलो मच्छिंदर, गोरख आया.’ गुरू भानावर येतात, निघतात. निघताना राणी त्यांच्या झोळीत सोन्याची वीट घालते. वाटेत गुरू सारखे विचारतात, पुढं चोराचिलटाचं भय आहे का रे? गोरख झोळी बघतो, वीट भिरकावून देतो आणि झोळीत दगड ठेवतो. पुढं गुरू वीट गेली म्हणून कातावतात, तेव्हा शिष्य गर्भगिरीचा अख्खा डोंगरच सोन्याचा करून दाखवतो.

तुझा निर्माता त्या डोंगरावर पैसे घालायला बसलाय, हे तू न सांगताही मला कळलं. डोंगर सोन्याचा होतो, कॅमेरा वरून फिरतो, ढोल-ताशे. माझं म्हणणं, डोंगर एका शॉटमध्ये उरक. पैसे विटेवर घाल.

हिशेब करून बघ. आपल्याकडची साधी भाजलेली वीट नऊ बाय चार बाय तीन इंच धर. मातीची असली तर ३ किलोच्या आसपास भरते. तीच सोन्याची केली तर ३४ किलो! पाण्याच्या १९ पटींहून जड धातू आहे तो. सिमेंटच्या पोत्याचं वजन ५० किलो असतं, त्याच्या दोन तृतीयांश वजन एका खांद्यावर, कापडी झोळीत. आता सांग, ती झोळी घेऊन चालणारा माणूस कसा चालेल? खांदा उतरेल, मान एका बाजूला जाईल, चार कोसांवर झोळीचा पट्टा कातडीत रुतून वळ उठेल. योगी म्हणवणारा माणूस वळ उठेपर्यंत सोनं वाहतोय आणि विचारतोय, चोर आहेत का रे पुढं? या एका चित्रात तुझा सिनेमा बसलाय.

हे मी शहाणपणानं नाही शिकलो, फजितीनं शिकलो. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका पौराणिक मालिकेचं काम माझ्याकडं होतं. त्यात नेमका हा प्रसंग होता आणि मी फायबरची वीट केली. वर सोनेरी रंगाचे चार हात, चकचकीत, वजन तीनशे ग्रॅम. नट बिचारा अभिनय करत होता, पण झोळी वाऱ्यावर हलत होती. गावच्या जत्रेत पडद्यावर तो भाग दाखवला, मी मागं उभा होतो. गोरखनाथानं वीट दरीत फेकली तशी ती पतंगासारखी जरा तरंगली आणि पुढच्या रांगेतलं एक पोरगं ओरडलं, "थर्माकोलची हाय!" सगळी जत्रा हसली. त्यानंतर चमत्कार कितीही मोठा असू दे, लोकांनी तो मानला नाही. मानणारच नव्हते.

त्याच रागात मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत जाऊन पितळेची वीट ओतून घेतली. भरीव केली असती तर १५ किलो झाली असती, म्हणून आत गाभा घालून पोकळ केली, ८ किलोची. नटाला दिवसभर वागवता येते आणि खांदा मात्र खरा उतरतो. आणखी एक गोष्ट तेव्हा कळली. सोनेरी रंग कॅमेऱ्यात सोन्यासारखा दिसत नाही, हळदीच्या चिखलासारखा दिसतो. गुजरीत एखाद्या सोनाराच्या दुकानात बसून बघ. सोन्याला स्वतःचा रंग थोडा आणि समोरच्याचं प्रतिबिंब जास्त. सोन्याचा अर्धा भाग तर काळाच दिसतो, त्या काळ्यामुळंच उरलेला उजळतो. पॉलिश केलेलं पितळ हे सगळं आपोआप करतं, रंगाला ते जमत नाही. विटेभोवती काळी घोंगडी, काळा दगड, राखेचं अंग ठेव. पांढऱ्या कापडावर ठेवलीस की संपलं.

आता गंमत बघ. गोरखानं वीट काढून तेवढ्याच आकाराचा काळा दगड ठेवला तर तो भरेल ५ किलोच्या आसपास. ३४ किलोची झोळी ५ किलोची झाली आणि मच्छिंद्रनाथांना कळलं नाही? ज्याच्या नावानं पंथ चालतो त्या माणसाला? कथाकीर्तनात ऐकताना हा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण कानाला वजन नसतं. पडद्यावर मात्र तो पडणारच. मग त्याला फार तर दोन उत्तरं आहेत. एक, गुरू एवढे मोहात होते की खांदासुद्धा बधिर झाला. दोन, त्यांना कळलं होतं, ते शिष्याची परीक्षा घेत होते, आणि दगड वाहून नेत असतानाही ‘चोराचं भय आहे का रे?’ असं विचारत राहिले. तुला कुठलं पटतं ते तू ठरव. मी असतो तर नटाला एवढंच सांगितलं असतं: झोळी उचल, क्षणभर थांब, काही बोलू नकोस, चालायला लाग. पोथीतला एक शब्द न हलवता गोष्ट तुझी झाली. आजीला धरून राहायचं म्हणजे हे.

निर्माता दाखवतो तो ‘द ग्रीन नाइट’ही याच कारणासाठी मला आवडतो, फक्त तो त्यात धुकं आणि किल्ले बघतो. मूळ काव्य इंग्लंडमधलं, चौदाव्या शतकाच्या शेवटाकडचं, २५३० ओळींचं, कवीचं नाव कुणालाच ठाऊक नाही. त्याची एकच हस्तलिखित प्रत उरली. ज्या संग्रहात ती होती त्याला १७३१ मध्ये आग लागली होती, तिच्यातून ती वाचली. गोष्ट अशी: राजा आर्थरच्या दरबारात नववर्षाच्या जेवणावळीत हिरव्या अंगाचा, हिरव्या घोड्यावरचा सरदार येतो आणि म्हणतो, माझ्यावर कुऱ्हाडीचा एक घाव घाला, वर्षानं तोच घाव मी परत करीन. गवेन नावाचा तरुण सरदार त्याचं मुंडकं उडवतो. मुंडकं घरंगळत जातं, लोक पायानं ढकलतात, आणि धड वाकून ते केसांना धरून उचलतं. मुंडकं डोळे उघडून बोलतं: वर्षानं ये. गवेन शब्द पाळायला निघतो. वाटेत एका गढीत मुक्काम पडतो. गढीचा मालक म्हणतो, दिवसभरात मी शिकारीत जे मिळवीन ते तुझं, तू इथं जे मिळवशील ते माझं. मालकीण तीन दिवस गवेनला चुंबनं देते, ती तो इमानदारीनं मालकाला परत करतो. तिसऱ्या दिवशी ती हिरव्या रेशमाचा पट्टा देते, तो बांधणारा मरत नाही म्हणते. तो गवेन लपवतो. शेवटी घाव घालायची वेळ येते तेव्हा हिरवा सरदार दोनदा कुऱ्हाड हवेत थांबवतो आणि तिसऱ्यांदा मानेवर जरासं ओरखडतो. तो ओरखडा लपवलेल्या पट्ट्याबद्दल. गढीचा मालक तोच होता.

पट्टा आणि वीट. एक कमरेला, एक झोळीत. दोन देश, दोन धर्म, पण दोन्ही गोष्टी बांधणाऱ्यांना एकच गोष्ट ठाऊक होती: मोठ्या माणसाची भीती दाखवायची तर ती एखाद्या लहान वस्तूत घालून त्याच्या अंगाला लावायची. राक्षस, डोंगर, उडणं हे त्या वस्तूच्या आजूबाजूचं सामान.

२०२१ च्या त्या सिनेमात डेव्हिड लोअरी या दिग्दर्शकानं मूळ काव्याला भरपूर कात्री लावली. काव्यातला गवेन दरबारातला उत्तम सरदार आहे. सिनेमातला (देव पटेल) अजून सरदारही झालेला नाही, रात्री गुत्त्यात काढतो. हिरव्या सरदाराला बोलावते ती सिनेमात त्याची आईच. मध्ये बोलणारा कोल्हा येतो, राक्षसांचा कळप येतो, तळ्यातून स्वतःचं मुंडकं काढून मागणारी साध्वी येते. शेवट तर पूर्ण फिरवला: कुऱ्हाडीखाली गुडघे टेकलेला गवेन पळून गेल्यास पुढचं सगळं आयुष्य कसं जाईल ते बघतो. राजा होणं, मुलगा गमावणं, आणि अखेर अंगातून पट्टा ओढून काढताच मुंडकं गळून पडणं. भानावर येतो आणि आपल्या हातानं पट्टा सोडून ठेवतो. एवढं बदलूनसुद्धा काव्याच्या बऱ्याच चाहत्यांना तो आपला वाटला. कारण अट हलवली नाही. वर्ष, घाव, पट्टा. आणि हिरव्या सरदाराचा चेहरा कॉम्प्युटरमध्ये नाही काढला, राल्फ आइनसन या नटाच्या अंगावर प्रोस्थेटिक, म्हणजे खोट्या कातडीचा मेकअप चढवला. तो चालतो तेव्हा लाकूड कुरकुरल्यासारखं वाटतं. वजन आहे.

तर पोथीला किती धरायचं, याचं माझं उत्तर: अट धर, बाकीचं तुझं. स्त्रीराज्यात पुरुष जगत नाही ही अट आहे. मृदंगच बोलतो, माणूस बोलत नाही, ही अट आहे. वीट शिष्यानं फेकायची, गुरूनं नाही, ही अट आहे. राणीच्या साड्यांचा रंग, महालाचे मजले, युद्ध, हे सगळं मोकळं. शिवाय ‘मूळ’ म्हणून धरायचं ते तरी कुठलं? बंगालीत ‘गोरक्षविजय’ म्हणून हीच कथा आहे, तिथं गुरू अडकतात तो देश कदलीचा, म्हणजे केळीचा. नेपाळात पाटणला मच्छिंद्रनाथांचा रथ निघतो, त्यांच्याकडं आणखी वेगळ्या कथा. मात्र दुसऱ्या सिनेमानं स्वतः रचलेलं उचलू नकोस. गवेनचा पट्टा सहाशे वर्षांचा आहे, तो सगळ्यांचा. शेवटचं ते भविष्याचं दृश्य लोअरीचं आहे.

मृदंगाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथं बहुतेक जण माती खातात. सोपा मार्ग म्हणजे मृदंगाच्या आवाजावर गायकाचा आवाज चढवायचा, वर थोडा घुमारा. झालं, जाहिरात झाली! तसं करू नकोस. वारकरी दिंडीतला एखादा चांगला पखवाजी पकड. त्याला डाव्या तोंडाला कणीक लावताना बघितलंयस? ओल्या कणकेचा गोळा थापतो, हातानं सारखा करतो, जरा ठोकतो, कमी वाटला तर आणखी लावतो. त्या कणकेवर खर्ज अवलंबून. आणि तो डावा हात तळव्यानं दाबत थाप देतो तेव्हा आवाज खालून वर सरकतो, माणूस बोलताना सरकतो तसा. त्याला सांग, ‘चलो मच्छिंदर’ हे शब्द तोंडानं म्हण आणि हातानं तीच चाल काढ. तासाभरात काढेल. मग सिनेमात काय कर, तर पहिल्या वीस मिनिटांत गोरख हेच शब्द साधे तोंडानं म्हणताना दाखव, दोनदा, तीनदा, वाटेनं चालताना. दरबारात नुसता मृदंग वाजू दे, आवाज कुठलाही चढवू नकोस. प्रेक्षकाच्या डोक्यात शब्द आपोआप उमटतील, आणि शेजारच्याला विचारेल, तुला ऐकू आलं का? कणीक मळतानाचा एक जवळचा शॉट आधी घे. पुढं जे बोलणार आहे ते पिठाचं आहे, हे लोकांना ठाऊक असू दे.

मीननाथाचा प्रसंग तू लिहिला नाहीस, पण निर्मात्याला तो नको असणार. पोरगं घाण करतं, गुरू म्हणतात त्याला धुऊन आण, आणि गोरख त्याला धोब्यासारखं दगडावर आपटून धुतो, कातडं वाळत घालतो. नंतर भस्मानं जिवंत करतो. ठेव हा प्रसंग. याच्याशिवाय गोरख नुसता आज्ञाधारक विद्यार्थी उरतो. फक्त मारताना दाखवू नकोस. पंचगंगेच्या घाटावर सकाळी आठला जा आणि कपडे आपटल्याचा आवाज रेकॉर्ड कर. ओल्या गोधडीचा आवाज साडीसारखा नसतो. पडद्यावर राणीचा चेहरा, बाहेरून तो आवाज, आणि मग दोरीवर काहीतरी वाळत घातलेलं, पाठीमागून ऊन, त्यामुळं अर्धपारदर्शक. ते खऱ्या कातड्याचं कर. आपल्याकडं चपलांसाठी बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं चामडं मिळतं. कारागिराकडून पातळ तासून घे, ओलं कर, ऊन त्यातून तांबूस झिरपतं. कुठल्याही कॉम्प्युटरला ते इतकं स्वस्तात जमत नाही. लहान मुलाचं काम असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी लागते, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त नाही, सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही. वेळापत्रक आधीच त्या हिशेबानं आख, मागून धावाधाव नको.

स्त्रीराज्य कुठं उभं करायचं? निर्माता खिद्रापूरचं कोपेश्वर म्हणेल. देऊळ सुंदरच आहे, शिलाहारांच्या काळातलं, स्वर्गमंडपाचं वरचं गोल आभाळाला उघडं. पण ते संरक्षित स्मारक आहे. परवानगी घेऊन एखादा शांत शॉट घे, दिवे-क्रेन-घोडे घेऊन आत जाऊ नकोस. मोरेवाडीला चित्रनगरीत तो गोल उघडा मंडप प्लाय आणि पीओपीत उभा कर, बारा खांब पुरतात, बाकीचे अंधारात. वरून येणारा उजेड हाच तुझा सेट. वाटचालीसाठी मसाई पठार आहे, पावसाळ्याच्या अखेरीस धुकं फुकट मिळतं. फक्त जनरेटरची गाडी वर नेताना चिखल बघून घे, माझी एकदा अख्खा दिवस रुतली होती.

बंगाल्यांचं कदलीवन मला मात्र मोहात पाडतं. नदीकाठच्या केळीच्या बागेत स्त्रीराज्य! पानांतून येणारा हिरवा उजेड, सगळ्यांच्या तोंडावर हिरवट झाक, पुरुष एकही नाही. पण मग मागचं चित्र नंतर कॉम्प्युटरवर बदलायला लावतात तो हिरवा पडदा लावू नकोस. केळीचं पान आणि हिरवा पडदा कॉम्प्युटरला वेगळे काढता येत नाहीत, पानांना भोकं पडतात. निळा लाव. हिरवा पडदा रूढ झाला कारण डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरव्याचे ठिपके लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, त्यामुळं चित्र स्वच्छ येतं. हे एक मोठं कारण, त्यात जादू काही नाही. आणि प्रत्येक व्हीएफएक्स (कॉम्प्युटरवर पुढं काम करायच्या) शॉटला नटाशिवाय तीच फ्रेम एकदा रिकामी घे, उजेड कुठून किती होता ते वहीत लिहून ठेव. हे न केल्याचा खर्च नंतर तिप्पट येतो, आणि दोष तुझाच असतो, व्हीएफएक्सवाल्याचा नाही. मी त्यावरून एकदा एका स्टुडिओशी भांडलोय. चूक माझी होती.

आता ते ‘मी जातो, मी येतो’. स्त्रीराज्यातल्या बायका कशा बोलतात? तुझ्या मसुद्यात त्या नाटकातल्या राण्यांसारखं बोलतात, ‘हे योगिराज’ वगैरे. अगं, तुझ्या घरात, तुझ्या गल्लीत बायका रोज पुल्लिंगी बोलतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. जिथं पुरुषच नाही तिथं पुल्लिंगाची वेगळी मालकी कुणाची? राणी सिंहासनावरून म्हणू दे, "मी सांगतो तुला, हा इथंच राहणार." पुण्या-मुंबईचा प्रेक्षक दचकेल, त्याला वाटेल वेगळंच राज्य आहे. कोल्हापूरचा प्रेक्षक हसेल आणि म्हणेल, आमची मावशी! दोघांचंही बरोबर.

निर्मात्याला एक गोष्ट सांग, म्हणजे तो जरा नरम येईल. हा सिनेमा कोल्हापुरात एकदा होऊन गेलाय. १९३२ मध्ये. प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला इथंच सुरू झाली, पुण्याला गेली ती १९३३ मध्ये. त्याच्या आधल्या वर्षी शांतारामबापूंनी ‘माया मच्छिंद्र’ केला, मराठीत आणि हिंदीत. मच्छिंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे, राणी दुर्गा खोटे, गोरख मास्टर विनायक. भारतीय बोलपट जन्मून जेमतेम वर्ष झालं होतं, ‘आलम आरा’ १९३१ च्या मार्चमधला. राणीजवळ खराखुरा चित्ता होता! आज चित्ता आणायचा विचारही करू नकोस. वाघ-बिबट्यांचं प्रदर्शन बंद आहे, बाकी कुठलाही प्राणी घ्यायचा तर प्राणी कल्याण मंडळाची आधी परवानगी लागते. पण त्या लोकांना जे कळलं होतं ते बघ. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेली ती माणसं, रंगवलेले पडदे, लाकूडकाम, मूर्तिकाम यांतून आलेली. १९२० च्या ‘सैरंध्री’तला कीचकवध एवढा खरा वाटला की सेन्सॉरनं तो कापायला लावला. मुंडकं उडवण्याची कला गावाला नवी नाही. फक्त हल्ली आपण ती बाहेरून विकत आणतो.

आजीचं काय करायचं हे मी शेवटी घेतलं, खरं तर ते पहिलं होतं. श्रावणात तुझ्या घरी पारायण बसतं तेव्हा त्या ओव्या तिच्यासाठी ‘फँटसी’ नसतात. तो शब्द तिच्यासमोर आणि पोस्टरवरही वापरू नकोस. पटकथा झाली की तिला वाचून दाखव, सलग, मोठ्यानं, एका बैठकीत. जिथं तिचा हात माळेवर थांबेल तिथं खूण कर. ती थांबेल ती चमत्कारापाशी नाही, मी पैज लावतो. ती थांबेल मच्छिंद्रनाथांना तू हसण्यावारी नेलंयस तिथं. मोहात पडलेला गुरू तिला चालतो, कारण पोथीतच आहे. मूर्ख गुरू चालायचा नाही. तो फरक तिला तुझ्यापेक्षा चांगला कळतो. पुढं भावना दुखावल्याच्या तक्रारी येतात त्या बहुधा याच जागेवरून येतात.

पैशाचं राहिलं. पहिला पैसा पखवाजीला आणि आवाजाला. दुसरा मंडपातल्या उजेडाला. तिसरा कपड्यांना, पण नवीन कोरे भगवे नकोत. चहाच्या पाण्यात उकळून, उन्हात टाकून, राखेत लोळवून मग नटांना दे, आणि चित्रीकरणाच्या आधी आठ दिवस त्यांना ते घालून चालायला लाव. सोन्याच्या डोंगराला जे उरेल ते. माझ्या मते तो डोंगर संध्याकाळच्या उन्हात मसाईवर खराच मिळेल, दहा मिनिटं असतो. त्या दहा मिनिटांसाठी पाच दिवस थांबायची तयारी ठेव.

वीट अजून माझ्याकडं आहे. कारखान्याचं दार वाऱ्यानं आपटतं म्हणून तिला दाराला लावून ठेवलीय, वरचं पॉलिश गेलंय, पण ते तासाभराचं काम. येऊन घेऊन जा, भाडं नको. तुझ्या मच्छिंद्रनाथालाही सोबत आण, इथल्या इथं खांद्यावर टाकून रंकाळ्याला एक फेरी मारू दे त्याला. अर्ध्या फेरीत त्यानं खांदा बदलला तर माणूस बरोबर निवडलायस. आणि मोपेडवर येऊ नकोस, पिशवीचा पट्टा तुटतो, मागच्या वेळी एकाचा तुटलाय.